जमिनीला भेगा कामून पडतात?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. नोकरीला तीन वर्षं झाली. प्रशिक्षणात शोधाधारित अध्ययनाबद्दल, म्हणजे मुलांनी स्वतः शोधून शिकण्याबद्दल ऐकलं, दोन-तीनदा करूनही पाहिलं. वर्गात गोंधळ होतो, तास संपतो, निष्कर्ष निघत नाही आणि शेवटी उत्तर मलाच सांगावं लागतं. परवा एका मुलीनं विचारलं, ‘थंडीत बोअरचं पाणी गरम अन् उन्हाळ्यात गार कसं असतंय?’ मी दोन मिनिटांत सांगून टाकलं आणि मग दिवसभर रुखरुख लागून राहिली. आपल्यासारख्या शाळांत हे खरंच जमतं का? आणि उत्तर सांगायचंच नसतं का?

मॅडम, त्या मुलीचा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून घेतलाय. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. उत्तर सांगायचं असतं. ते कधी सांगायचं आणि त्याआधी मुलांच्या हातून काय होऊ द्यायचं, हे शिकावं लागतं. मला ते शिकायला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी चुकलो, म्हणून त्या चुकांसकट लिहितो.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात २६ वर्षं शिकवतोय. डी.एड. करून पहिल्या शाळेवर रुजू झालो तेव्हा चांगला शिक्षक म्हणजे चांगलं समजावून सांगणारा, अशी माझी पक्की समजूत होती. त्या अर्थानं मी चांगला होतो. लेकरं गप्प बसून ऐकायची. मग २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्याच्यामागून आपल्याकडे ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच्या अनुभवातून रचतं, हा शब्द आला आणि २०१५ पासून, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात, तो प्रत्येक शिक्षण परिषदेत ऐकू यायला लागला. आम्ही वर्गाच्या फरश्या रंगवल्या, शब्दपट्ट्या केल्या, मणी, काड्या, ठोकळे आणले. पहिली-दुसरीच्या लेकरांना त्याचा फायदा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझी गफलत अशी झाली की साहित्य हातात दिलं म्हणजे शोध घेणं आलंच, असं मी धरून चाललो.

सहावीला एकदा मातीतून पाणी झिरपण्याची कृती घेतली. कुठल्या मातीतून पाणी लवकर खाली उतरतं, ते बघायचं. निष्कर्ष सगळ्यांना आधीच पाठ होता. एका गटाच्या वाळूतून पाणी फार उशिरा झिरपलं, कारण त्यांनी आणलेली वाळू बांधकामावरची, गाळमिश्रित होती. ती लेकरं दहा मिनिटं त्या बाटलीकडे बघत बसली होती. त्यांच्या वहीत मात्र लिहिलं होतं, ‘वाळूतून पाणी लवकर झिरपते.’ मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. ती खूण मला आजही दिसते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं त्यांनी बाजूला सारलं, पाठ असलेलं लिहिलं आणि मी त्याला शाबासकी दिली. हात त्यांचे चालले होते, डोकं कुणाचंच चाललं नव्हतं.

पुढे एका शिबिरात होशंगाबादच्या कामाबद्दल ऐकलं. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांपासून विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी चार-चारच्या गटात प्रयोग करायचे, निष्कर्ष पुस्तकात छापलेला नसायचा, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलं आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रानं पाठवायची आणि त्यांना उत्तरं यायची. सरकारी शाळांत तीस वर्षं हे चाललं आणि २००२ मध्ये बंद झालं. ऐकून मी भारावलो. पण भारावलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. ‘उत्तर सांगायचं नाही’ एवढं मी घेतलं. तिथल्या शिक्षकांची दीर्घ प्रशिक्षणं, दर महिन्याला एकत्र बसून केलेली चर्चा, एकेक धडा वर्गात पुन्हा पुन्हा तपासून घेणं, हे सगळं माझ्या कानाआड गेलं.

त्या जूनमध्ये मी सहावीला सांगितलं, “सोयाबीनचं बी उगवायला काय काय लागतं, तुम्हीच शोधा.” ३८ लेकरं, नऊ गट. एकानं बी कुंडीत लावलं, एकानं ओल्या फडक्यात गुंडाळलं, एकानं पाण्यात बुडवून ठेवलं. कुणी उन्हात ठेवलं, कुणी दप्तरात. कुणाचं बी घरचं, कुणाचं दुकानातल्या पिशवीतलं. आठवड्यानं काहींचं उगवलं, काहींचं कुजलं, एका गटाचं कोंबड्यांनी खाल्लं. फळ्यावर नऊ गटांचे नऊ अनुभव लिहिले आणि त्यातून काहीही निघेना. निघणार तरी कसं? एकाच वेळी पाच गोष्टी बदललेल्या होत्या. शेवटी एक पोरगं म्हणालं, “सर, मग खरं काय हाय?” मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग आदीच सांगायचं ना.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की आठ दिवस फुकट गेले, आणि त्याचं बरोबर होतं.

तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तो हाच, असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. बरेच जण इथूनच मागे फिरतात आणि ‘आपल्या लेकरांना ते जमत नाही’ असं म्हणतात. लेकरांकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट माहीत असावी. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन संशोधकांनी हेच मांडलं होतं की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडून दिलं तर तो फारसा शिकत नाही, कारण माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. शोधण्याच्या खटपटीतच ती जागा भरून जाते. पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर देणाऱ्यांनी म्हटलं की चांगल्या शोधाधारित वर्गात मार्गदर्शन भरपूर असतं, तिथे मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नसतं. हा वाद कळला तेव्हा माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. माझा वर्ग फसला तो मुलांना प्रश्न दिल्यामुळे नाही. पेलणार नाही एवढा मोठा प्रश्न मी त्यांच्या हातात दिला होता.

बॅन्ची आणि बेल यांनी २००८ मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर प्रश्न, रीत आणि उत्तर तिन्ही आधीच माहीत असतात, मुलं फक्त पडताळून बघतात. दुसरीवर प्रश्न आणि रीत शिक्षकाची, उत्तर मात्र मुलांनी काढायचं. तिसरीवर प्रश्न शिक्षकाचा, रीत मुलांनी ठरवायची. चौथीवर सगळंच मुलांचं. मी पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारली होती. आमच्यासारख्या वर्गात वर्षाचा बराचसा काळ दुसऱ्या पायरीवर जातो आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

दुसऱ्या वर्षी सोयाबीनच घेतलं, पण प्रश्न लहान केला. तो मिळालाही आयता. गावात कृषी सहायक येऊन सांगून गेले होते की बियाण्याची पोती उंचावरून आपटू नका. एका मुलानं ते घरी ऐकलं आणि वर्गात विचारलं, “बी आपटल्यानं मरतंय का?” एका वाक्याचा प्रश्न, ज्याचं उत्तर मोजून मिळेल. अशा प्रश्नाची मी आता वाट बघत असतो. बी एकाच घरचं घ्यायचं, एकाच पोत्यातलं. निम्मं बी कापडी पिशवीत घालून शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून पंधरा वेळा फरशीवर टाकायचं, निम्मं तसंच ठेवायचं. मग दोन्हीतले शंभर-शंभर दाणे ओल्या वर्तमानपत्रात दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज सारखंच पाणी शिंपडायचं, आठव्या दिवशी उलगडून मोजायचं. ही सगळी रीत माझी होती, मी ती सांगितली. एकाच गोष्टीत फरक ठेवायचा, बाकी सगळं सारखं, हे मात्र सांगितलं नाही. त्यासाठी आदल्या वर्षीचे नऊ गटांचे नऊ अनुभव फळ्यावर पुन्हा लिहिले आणि विचारलं, “यांचं काय चुकलं असंल?” पंधरा मिनिटांत वर्गानं ते शोधून काढलं.

आमच्या वर्गात न आपटलेल्यातले ७८ उगवले, आपटलेल्यातले ६४. लेकरं आनंदली, पण एक मुलगी म्हणाली, “एकदाच केलं ना आपण. पुन्यांदा केल्यावर उलटं आलं तर?” मॅडम, असं वाक्य वर्षातून एकदा जरी ऐकू आलं तरी मी ते वर्ष सार्थकी लागलं असं मानतो. पुन्हा केलं, आकडे बदलले, पण कल तोच राहिला. मग मी सांगितलं की सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं आणि मोडाचं टोक त्याच्या लगेच खाली असतं, म्हणून हरभऱ्यापेक्षा त्याला मार लवकर बसतो. ते सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. हेच मी जूनच्या पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते पाठ करायचं एक वाक्य झालं असतं. प्रयोगानंतर ते त्यांच्याच आकड्यांचं कारण होतं. त्या वर्षी सात-आठ पालक पेरणीच्या आधी घरचं बी तपासून घ्यायला शाळेत आले. उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेली तर एकरी बी वाढवून पेरावं लागतं, हा हिशेब लेकरांनी घरी जाऊन समजावला. टक्केवारी शिकवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता भेगांची गोष्ट, जिच्यामुळे मला माझं काम खऱ्या अर्थानं कळलं. मार्च महिना, सहावीचाच वर्ग. एका मुलीनं विचारलं, “सर, जमिनीला भेगा कामून पडतात?” चार-पाच जण एकदम ओरडले, “ऊन लागतंय म्हणून!” तिनं मान हलवली. “मग आपल्या पटांगणाला कामून नाहीत? ऊन तर तिथंबी हाय.”

पूर्वीचा मी इथे खूश होऊन म्हणालो असतो, “शाब्बास, कारण काळ्या मातीत चिकणमाती असते.” या वेळी ओठावर आलेलं गिळलं. ते सोपं नव्हतं. उत्तर माहीत असलेल्या माणसाला गप्प बसायला खरोखर कष्ट पडतात. मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं, तिच्याच शब्दांत, ‘कामून’सकट. मग विचारलं, “पटांगणाची माती अन् रानातली माती एकसारखी वाळती का, हे कसं बघायचं?” इथे मी प्रश्न वळवला, हे लक्षात घ्या. ‘भेगा का पडतात’ हा सहावीच्या हाताला न मापता येणारा प्रश्न. ‘कुठली माती वाळल्यावर किती आकसते’ याला पट्टी लावता येते. हे वळवणं हेच शिक्षकाचं मुख्य काम आहे, असं मी आज म्हणतो. मूल प्रश्न आणतं, तो त्याला पेलेल एवढा आपण करून द्यायचा, पण तो त्याचाच राहिला पाहिजे.

वायरिंगच्या प्लास्टिक पाइपचे २० सेंटीमीटरचे तुकडे आणले, उभे कापून पन्हळी केल्या, आतून तेलाचा हात फिरवला. चार माती : रानातली काळी, पटांगणाचा चाळलेला मुरूम, नदीची वाळू आणि गावठाणातल्या पडक्या भिंतीची पांढरी. भाकरीच्या पिठासारखं मळून पन्हळींत भरलं. किती पाणी घालायचं यावरून भांडणं झाली, शेवटी मुलींनी निवाडा केला की पीठ हाताला चिकटायचं थांबेल एवढं. आधी सावलीत, मग उन्हात वाळवलं. वाळू तर हात लावताच विस्कटली, तिची लांबी मोजताच आली नाही. मुरूम जेमतेम दोन-तीन मिलिमीटरनं कमी झाला. पांढरी एक सेंटीमीटरच्या आत. काळी माती २० वरून साडेसतराच्या आसपास आली.

एका गटाच्या काळ्या मातीचे वाळताना तीन तुकडे झाले. आता लांबी कशी मोजायची? एक म्हणाला, पन्हळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधल्या फटींसकट. दुसरा म्हणाला, तुकडे जवळ सरकवून. तिसरी म्हणाली, एकेक तुकडा मोजून बेरीज. अर्धा तास हा वाद चालला आणि मी त्यात एकच शब्द बोलत होतो, “कशावरून?” तो एक शब्द माझ्या सगळ्या शैक्षणिक साहित्यापेक्षा जास्त कामी आलाय. बोलता बोलता तीच मुलगी, जिचा मूळ प्रश्न होता, एकदम थांबली आणि म्हणाली, “सर, ह्या फटी म्हंजीच भेगा की!” पन्हळीतल्या दोन तुकड्यांमधली फट आणि रानातली भेग तिच्या डोक्यात एक झाली. माती आकसते, पण जमीन लांबून ओढून घेता येत नाही, म्हणून ती मधेच तुटते. हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिची पन्हळ तुटली नसती तर कदाचित कुणालाच दिसलं नसतं. फसलेला प्रयोग फेकून देऊ नका, असं मी प्रत्येक नव्या शिक्षकाला याच अनुभवावरून सांगतो.

त्या रात्री लेकरांनी घरी विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एक वेगळंच ज्ञान आलं. एकाच्या आजोबांनी सांगितलं होतं की माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, पांढरीच माती टाकतात, काळी टाकली तर उन्हाळ्यात फाटते अन् पहिल्याच पावसाला घर गळतं. आपल्या भागात गावाला पांढरी आणि रानाला काळी म्हणतात, हे शब्द लेकरांनी जन्मापासून ऐकलेले. त्या शब्दांमागचं कारण त्यांच्या पट्टीवर अडीच सेंटीमीटर आणि एक सेंटीमीटर असं उभं होतं. मग मी बसाल्ट खडकाबद्दल सांगितलं. तो झिजून आपली काळी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइटसारखी चिकणखनिजं असतात, त्यांच्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की ती फुगतात आणि पाणी गेलं की आकसतात, हे सगळं सांगितलं. पाऊण तास बोललो आणि कुणी चुळबुळ केली नाही.

त्याच चर्चेत एका मुलानं किल्लारीच्या भूकंपाचा विषय काढला. त्याची आजी तिकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माळवदं अंगावर पडून माणसं गेली, हे त्यानं ऐकलं होतं. “पांढरी माती चांगली म्हंता, मग त्या घरांनी माणसं कामून मारली?” इथे मी प्रयोगाची वाट धरली नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांना एकत्र बांधून धरणारं काही नाही, वर मातीचं प्रचंड ओझं, हे मी सरळ सांगितलं. भूकंप कसा होतो, तेही सांगितलं. पृथ्वीच्या पोटातल्या हालचाली लेकरं पाइपाच्या पन्हळीत शोधून काढू शकत नाहीत, आणि ज्याच्या घरातलं माणूस त्यात गेलं त्याला कोड्यात ठेवणं बरोबरही नाही. काही गोष्टी शिक्षकानं सांगायच्याच असतात.

तुमच्या वर्गातल्या गोंधळाबद्दल. एकदा मी माझाच तास मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकला. ३५ मिनिटांत मी ४६ प्रश्न विचारले होते, मुलांनी तीन. त्यातला एक ‘पाणी प्यायला जाऊ का’ असा होता. प्रश्न विचारून मी श्वास घेण्याइतकाही थांबत नव्हतो. पुढे कळलं की मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वर्गापुढे उभं राहून थांबून बघा, फार लांब वाटतात. दुसरं म्हणजे बरोबर उत्तराला लगेच ‘बरोबर’ म्हणायचं सोडा. ‘बरोबर’ म्हटलं की बाकीच्यांचं डोकं तिथंच थांबतं. उत्तर बरोबर असो की चूक, ‘कशावरून?’ विचारा. सुरुवातीला लेकरं घाबरतात, त्यांना वाटतं चुकलंच. महिनाभरात सवय होते आणि मग ती एकमेकांना विचारायला लागतात.

आवाज मात्र होणारच. एकदा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मातीनं भरलेले हात बघून शेरा दिला की वर्गात शिस्त नाही. वाईट वाटलं. नंतर त्यांना लेकरांच्या वह्या दाखवल्या. तेव्हापासून एक नियम केला. प्रत्येकाच्या वहीत तीन गोष्टी रोज लिहिल्या गेल्याच पाहिजेत : मला काय वाटलं होतं, काय दिसलं, आता काय वाटतं. वाक्य मोडकं-तोडकं चालेल, बोलीतलं चालेल. पहिला रकाना प्रयोगाच्या आधी भरायचा आणि नंतर खोडायचा नाही, ही एक अट. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात निरीक्षण, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आपल्याला दिलेलीच आहेत, त्या वह्यांवरून त्यांचे गुण देता येतात, वेगळं काही करावं लागत नाही.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर सगळे धडे असे घ्यायला जाऊ नका, जीव जाईल. मी वर्षात चार शोध घेतो, फार तर पाच. बाकीचं शिकवतो, नीट समजावून शिकवतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. चार ठिकाणी ‘कशावरून?’ची सवय लागलेलं मूल बाकीच्या धड्यांतही तो प्रश्न विचारतं.

आमच्याकडची एक अडचण तुमच्याकडेही थोडीफार असेल. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि माझा अर्धा वर्ग रिकामा होतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीचशी आई-बापाबरोबर फडावर जातात. लांबणारा शोध मधेच तुटतो आणि परत आलेल्या लेकराला आपण त्यात नव्हतो, ही जाणीव होते. मी एवढंच करू शकलोय की मोठे शोध जून ते ऑक्टोबरमध्ये संपवतो आणि एप्रिलमध्ये परत आलेल्यांच्या तोंडून एखादा प्रश्न काढून नवा सुरू करतो. हे पुरेसं नाही. याच्यापुढचं उत्तर शाळेच्या हातात नाही, ते रोजगाराचं आहे.

आता तुमच्या त्या मुलीचा प्रश्न. सांगून टाकलंत त्याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रश्न अजून जिवंत आहे. ‘जमिनीखाली तापमान स्थिर असतं’ हे ऐकून तिला शब्द मिळाले, पण तिचा हात अजून तिला गरम आणि गारच सांगतोय. तिथूनच सुरुवात करा. तीन भांडी घ्या : एकात कोमट पाणी, एकात माठातलं गार, मधल्यात साधं. एक हात कोमटात, एक गारात मिनिटभर ठेवून दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात घालायला सांगा. एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागेल. वर्गात जो कल्ला होईल तो होऊ द्या. मग विचारा, “मंग हातावर विश्वास ठेवायचा का?” थर्मामीटरची मागणी लेकरांकडूनच येईल.

शाळेच्या विज्ञान पेटीतला थर्मामीटर घ्या. तापाचा चालणार नाही, तो ३५ अंशांच्या खालचं दाखवत नाही. बोअरचं पाणी आणि सावलीतली हवा, दोन्हीची नोंद रोज शाळा भरताना आणि दुपारी, आठ दिवस जानेवारीत आणि आठ दिवस एप्रिलमध्ये. हवा जानेवारीच्या सकाळी अगदी खाली असेल, एप्रिलच्या दुपारी ४० च्या घरात जाईल. बोअरचं पाणी दोन्ही वेळा २५ ते ३० च्या मधेच कुठंतरी घुटमळलेलं दिसेल. दोन्हीच्या रेघा एकाच आलेख कागदावर काढू द्या, एक लाल, एक निळी. गरम-गार कोण होतं, पाणी की आपण, हे त्या दोन रेघा बघून तीच मुलगी सांगेल. त्यानंतर तुम्ही जे दोन मिनिटांत सांगितलंत ते पुन्हा सांगा.

एक बारीक गोष्ट फक्त तुमच्यासाठी. मोटर सुरू केल्यावर पहिल्या बादलीत पाइपात रात्रभर साचलेलं पाणी येतं, त्याचं तापमान हवेच्या जवळ असतं. खरं पाणी दोन-तीन बादल्यांनंतर येतं. हे मुलांना आधी सांगू नका. एक गट पहिल्या बादलीत थर्मामीटर धरेल, दुसरा पाचव्या, दोघांचे आकडे जुळणार नाहीत आणि ‘तुमचं चुकलं, तुमचं चुकलं’ सुरू होईल. तेव्हा तुम्ही मोटरीपाशी उभ्या राहा आणि तीन सेकंद थांबा.